सगळ्यांचा द्रोण भरेपर्यंत

एकदा एका गावात भर सभेत सगळे जण एका दमात ‘हो’ म्हणाले, आणि गावातला सगळ्यात म्हातारा माणूस घाबरला.

गाव गडचिरोलीकडच्या जंगलात पार आतवर, गोंडांचं. सभा होती गोटुलात. गोटुल म्हणजे गावाच्या मधोमध गवतानं शाकारलेली, चारी बाजूंनी उघडी जागा. भिंतच नाही, त्यामुळं आत बोललेलं बाहेर जायचं आणि बाहेरचं कुत्रं आत यायचं. घाबरलेल्या म्हाताऱ्याला सगळं गाव ‘आजा’ म्हणायचं. त्याचं वय किती, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. कोणी विचारलंच तर समोरच्या चिंचेकडं बोट दाखवून म्हणायचा, “हिच्यापक्षा लहान हावो. ही मले धाकात ठेवे.”

गावाची सभा बोलवायची, बसवायची, चालवायची, हे काम आजानं आयुष्यभर केलं. आता डोळ्यांनी नीट दिसेना. कानांनी सोयीपुरतं ऐकू यायचं, म्हणजे आंबील म्हटलं की ऐकू यायचं आणि लाकडं फोड म्हटलं की नाही. म्हणून गावानं ते काम त्याच्या चेल्याला दिलं. चेल्याचं नाव जुरू.

जुरू हुशार होता. बारावी झालेला, वर तालुक्याला जाऊन ग्रामसभेचं प्रशिक्षण घेऊन आलेला. तिथं त्याला शिकवलं होतं की विषय आधी ठरवावा, घरोघरी कळवावा, बायांनाही बोलवावं आणि सभा तासाभरात आटपावी. पहिल्या तीन गोष्टी ऐकून जुरूला बरं वाटलं. चौथी ऐकून मात्र त्याला जरा चुटपुट लागली, कारण आजाच्या सभा त्यानं पाहिलेल्या होत्या.

काय त्या सभा! ऊन गोटुलाच्या एका खांबावरून निघून दुसऱ्या खांबावर जायचं तरी मूळ विषय आलेला नसायचा. कोणी तरी म्हशीची गोष्ट सांगायचा. म्हशीवरून सासऱ्यावर, सासऱ्यावरून वाघावर. कोणी डुलकी काढायचा, आणि उठून अगदी बरोबर त्याच जागी ‘पण’ म्हणायचा. सगळ्यांच्या मांडीवर पळसाची पानं असायची. बोलता बोलता जो तो बांबूच्या बारीक चोयांनी टाके घालून आपापला द्रोण लावत बसायचा. शेवटी आजा मडकं घेऊन फिरायचा आणि ज्याच्या त्याच्या द्रोणात आंबील ओतायचा. ती आंबट आंबील पिऊन, तोंड पुसून माणसं घरी जायची, आणि ठरलेलं काम दुसऱ्या दिवशी कोणी न सांगता व्हायचं. जुरूला अजून तो वास आठवायचा: पळसाच्या पानाचा, आंबिलीचा आणि म्हाताऱ्यांच्या बिडीचा. पण आठवण गोड असली म्हणून सभा काय दिवसभर घ्यायची? जमाना बदलला, असं त्यानं मनाला सांगितलं आणि विषय हाती घेतला.

विषय साधा नव्हता. विषय आगीचा होता.

त्या गावात मोहावर घरं चालतात. फाल्गुनात मोहाची फुलं पहाटे टपटप गळतात. खाली पाचोळा असला तर फुलं दिसत नाहीत. मग लोक आदल्या दिवशी झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात. झटक्यात जागा साफ. पण आगीला कोणी सांगावं की बाई, तुझी हद्द या झाडापाशी संपते? गेल्या उन्हाळ्यात अशीच एक आग सुटली आणि अख्खी टेकडी काळी करून गेली. तेंदूची पानं गेली, चारोळी गेली, गुरांचा चारा गेला. टेकडीला लागून असलेली तीन घरंही गेली. त्यातलं एक जुरूच्या आईचं. म्हातारी एका शेळीला कवटाळून तेवढी बाहेर आली होती. आग कोणी लावली ते कोणाला कळलं नाही. म्हणजे प्रत्येकाला खात्री होती की दुसऱ्यानं लावली.

अशी आणखी एक आग आली तर टेकडी पुन्हा उभी राहणार नव्हती, आणि टेकडीवाचून गावही. म्हणून पौषातच जुरूनं सभा बोलावली. यंदा मोहाखाली कोणीच आग लावायची नाही, झाडून काढायचं, एवढं एकच ठरवायचं होतं.

सभा अशी छान झाली म्हणता! जुरूनं सगळ्यांना रांगेत बसवलं, तोंडं त्याच्याकडं. बाया आल्या, पहिल्यांदाच आल्या. द्रोण लावत बसायची कटकट नको म्हणून त्यानं बाजारातून कागदी ग्लास आणले होते. त्यानं नुकसान सांगितलं, आईचं घर सांगितलं. मग विचारलं, “तं मग यंदा आग नाई. सगळ्यायले मान्य हाये?”

“हो!” सगळं गाव म्हणालं. सगळ्यात मोठा आवाज डोलूचा. डोलू कशालाही सगळ्यात मोठ्यानं हो म्हणायचा, मग वाढप असो की वरात.

सभा इतक्या लवकर संपली की चुलीवर भात ठेवून आलेल्या बायांचा भातसुद्धा कच्चाच होता. जुरू ग्लास मांडायला लागला. आणि तेव्हा आजा उठला. काठी टेकत मडक्यापाशी गेला, मडक्यावर झाकण ठेवलं, मडक्याला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि तिथंच फतकल मारून बसला.

“कोणी पेयाची नाई,” तो म्हणाला.

“काहून गा आजा?” जुरू चक्रावला.

“सभाच झाली नाई.”

“झाली ना गा! आत्ताच तं सगळे हो म्हणले. तुले ऐकू नाई आलं का?”

“आलं. म्हणून तं भेव लागून राहिलं.” आजानं मडकं आणखी घट्ट धरलं. “उद्या सकाळी सगळे परत या. येताना पळसाचे पानं आना.”

“आजा, आंबील तुले एकट्यालेच पेयाची असन तं तसं सांग ना,” मागून डोलू ओरडला. “आमी काय भांडून राहिलो?”

लोक हसले, कुरकुरले आणि घरी गेले. जुरू मात्र हसला नाही. त्यानं कागदी ग्लासांची चळत उचलली. चार माणसांत, आईच्या देखत, आजानं त्याची पहिली सभा मोडली होती. आजाला म्हातारचळ लागला, असं काहीतरी त्याच्या तोंडापर्यंत आलं. ते त्यानं गिळलं. गिळायला जड गेलं.

सकाळी लोक पुन्हा जमले. आजानं रांगा मोडल्या. “एकमेकायच्या पाठी काय पाहता? पाठीले काय तोंड असते?” म्हणून सगळ्यांना गोल बसवलं. मांड्यांवर पानं आली, मधे चोयांची जुडी. जुरूनं पुन्हा तोच विषय मांडला. आणि मग जे व्हायचं तेच झालं. कोणाला पोरीच्या लग्नाची आठवण झाली. कोणी म्हणालं, मागं एकदा आजाच्याच झाडाखालून आग सुटली होती आणि आजा मातीची घमेली फेकत धोतर सोडून पळाला होता.

“धोतर नोतं सुटलं,” आजा म्हणाला. तोवर त्याला एवढंच स्पष्ट ऐकू आलं होतं.

हसता हसता टाके पडत होते. जुरूचा जीव वरखाली होत होता. विषय कुठं, धोतर कुठं! तरी त्याचेही हात आपसूक चालायला लागले होते. पान दुमडायचं, चोय टोचायची, उरलेली मोडायची. किती वर्षांनी तो हे करत होता, पण हातांना सगळं पाठ होतं. बाप गेल्यावर गोटुलातल्या बापाच्या ज्या जागेकडं त्यानं बघायचं सोडलं होतं, त्या जागेकडं त्यानं बघितलं. तिथं आता त्याची आई बसलेली होती, आणि बापासारखीच चोय दातात धरून.

द्रोण झाले. आजानं मडकं उघडलं आणि गोलात फिरत एकेकाला आंबील ओतायला सुरुवात केली. “पहिले सगळ्यायचे भरू द्या,” तो म्हणत होता. “तवरीक कोणी तोंडाले लावाचं नाई.”

डोलूचा द्रोण भरला आणि लगेच गळायला लागला. धार कोपरावरून थेट पोटावर.

“अगाग!” बाया ओरडल्या. “हा पाहा! द्रोण गळका तं हो बी गळका! कालपासून मोठ्यानं हो हो करून राहिला, आन मनात नाई याच्या!”

“मनात हाये व माय!” डोलू बोट लावून भोक बुजवत म्हणाला. “पान फाटकं हाये!”

“त्याचं काई नाई,” आजा म्हणाला. “त्याचा तं त्याच्या लग्नातबी गळत होता. याले पान लावताच येत नाई. दुसरा द्या त्याले.” आणि पुढं सरकला.

पुढं, गोलात सगळ्यात शेवटी, सोमारी बसली होती. पन्नाशीची बाई, नवरा गेलेला, पोरगी लग्न होऊन दूर दिलेली. तिच्या हातात द्रोण नव्हता. ओटीत पळसाच्या पानांच्या बारीक बारीक चिंध्या पडलेल्या होत्या. सगळी सभाभर ती पान घेत होती आणि शिरेपासून फाडत होती.

आजा मडकं घेऊन तिच्यासमोर उभा राहिला. पुढं सरकला नाही. बसलाही नाही.

आता झालं काय, की बाकी सगळ्यांच्या हातात भरलेले द्रोण. भरलेला द्रोण खाली ठेवता येत नाही, कलंडतो. सोमारीचा भरला नाही म्हणून पिता येत नाही. खाज सुटली तरी खाजवता येत नाही. सगळं गाव दोन हातांची ओंजळ धरून, देवापुढं बसल्यासारखं सोमारीकडं बघत बसलं.

“काकी,” जुरू शेवटी म्हणाला, “काल तं तू हो म्हणली होती.”

“म्हणली.” सोमारी मान खाली घालून म्हणाली. “सगळे म्हणून राहिले होते. माह्या पुढं तुमच्या साऱ्यायच्या पाठी. कोनाले सांगू? पाठीले?”

“आता सांग ना, पोरी,” आजा म्हणाला.

“काय सांगू? माहे झाडं टेकडीच्या उतारावर. खाली सारे काटे. तुमच्या घरी चार चार हात हायत, तुमी झाडान. मी एकटी. एक झाड साफ करतवरी दुसऱ्याचे फुलं हरणं खाऊन जाते. माहा साऱ्या वर्षाचा मीठ-मिरची-लुगडा त्या मोहावर हाये.” तिचा आवाज चढला. “आग लावली का हातासरशी मोकळं होते. तुमी म्हणता लावू नका. बरं. मग मी खाऊ काय, ठराव?”

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

“मग यंदा तू काय केलं असतं, काकी?” जुरूनं विचारलं.

सोमारीनं पहिल्यांदा मान वर केली. “खोटं कायले सांगू, बाबू? लावली असती. कोनी पाहत नाई असं पाहून लावली असती.” मग तिनं जुरूच्या आईकडं बघितलं, आणि तिचा चेहरा गोळा झाला. “मागच्या साली माही होती का आणखी कोनाची, देव जाने, बाई. लावली तं मी बी होती.”

जुरूनं हातातल्या द्रोणाकडं बघितलं. काल कागदी ग्लास वाटून त्यानं जी सभा संपवली असती, त्या सभेतून ही आग उठून सरळ टेकडीवर चालत गेली असती, आणि तो घरी निवांत झोपला असता.

आधी बोलली ती त्याची आई. तिचाही द्रोण भरलेलाच होता. “मी बी लावली होती त्या दिवशी,” ती म्हणाली. “वरच्या अंगाले. आता मले कोनी इचारलं नाई म्हणून मी सांगितलं नाई.”

त्यावर डोलू खाकरला. मग कडेचा एक जण. मग दुसरा. एक वर्ष गावानं जे दुसऱ्याच्या दारात टाकलं होतं ते एकेक जण उचलून आपल्या दारात ठेवायला लागला, आणि गंमत अशी, की त्यानं कोणाचं ओझं वाढलं नाही.

मग खरी सभा सुरू झाली. कोणी म्हणालं, सोमारीचं झाडून देऊ. डोलू म्हणाला, “देऊ, पण माहे कधी?” कोणी म्हणालं, ज्याच्या घरी एकच माणूस त्याचे झाडं पहिले. त्यावर लगेच तिघांनी आपल्या घरी एकच माणूस असल्याचं सांगितलं, आणि त्यातल्या एकाची बायको शेजारीच बसली होती. भांडण झालं, समजूत झाली, परत भांडण झालं. शेवटी ठरलं की फुलं गळायच्या आधी सगळ्या गावानं मिळून झाडाखालून झाडायचं. सुरुवात उतारावरून, सोमारीपासून. हात आंबून गेले होते. पण द्रोण कोणी सोडला नव्हता.

सोमारीनं एक पान घेतलं. चार टाके पटापट घातले. असा घट्ट द्रोण त्या दिवशी दुसऱ्या कोणाचा नव्हता. आजानं तो काठोकाठ भरला आणि म्हणाला, “पेया आता.” तोवर आंबील इतकी आंबली होती की डोलूनं एक डोळा मिटला. पण प्यायले सगळे.

माणसं गेल्यावर जुरू आजाजवळ बसला. “आजा, पहिलेच्या सभा बेस होत्या गा. मीच उगाच नवं काढलं. तुले द्रोणावरून कळते, कोनाच्या मनात काय हाये ते.”

“द्रोण काय देव हाये?” आजा म्हणाला. “डोलूचा पाहिला ना? द्रोणातून काईच कळत नाई. पण द्रोण लावाले वेळ लागते. तवरीक माणूस बसते. हात कामात असले का मन हळूच बाहीर येते, जसं गाव झोपलं का ससा बाहीर येते तसं. आन गोल बसलं का दुसऱ्यायले ते दिसते. एवढंच.” त्यानं रिकामं मडकं पालथं घातलं. “आन पहिलेच्या सभेचं गुणगान मले नको सांगू. माह्या सभेत बायाच नोत्या. सोमारी गोटुलाच्या पल्याड उभी राहिली असती, आमी इकडं हसत आंबील पेलो असतो. तिले तू बलावलं. तालुक्याचं शिक्षण ते. ते सोडू नको.”

“पण मग काल तुले भेव कायचं लागलं?”

“गाय कोनाच्या दावणीले बांधाची, ते दहा जन हो म्हणले तरी जमते, अकराव्यानं तोंड वाकडं केलं तरी गाय बांधली राहते. पण जंगल तसं नाई, बाबू. आग लावाले साऱ्या गावाची गरज नाई पडत. एक माणूस पुरते. म्हणून एकबी माणूस मनातून बाहीर राहिला, तं ते सभा झाली नाई.”

काल तोंडापर्यंत येऊन गिळलेला शब्द जुरूला आठवला, आणि त्यानं आजाचे पाय चेपायला घेतले. आजानं ‘जरा वर, गुडघ्यापाशी’ म्हणून त्याचा पुरेपूर फायदा उठवला.

फाल्गुनात जुरू रोज संध्याकाळी आईच्या नव्या घराच्या ओट्यावर उभा राहून टेकडीकडं बघायचा. गेल्या वर्षी या वेळी तिच्या अंगावर लाल रेघा सरपटत होत्या. यंदा ती नुसती निळी व्हायची, मग काळी व्हायची, मग दिसेनाशी व्हायची. उतारावरून एकच आवाज यायचा. सोमारी डोलूवर ओरडत असायची की असं झाडतेत का, निम्मा पाचोळा तसाच ठेवला, बायकोनं काही शिकवलं की नाही.

सभेला किती जण आले, हे मोजायला सगळ्यांनाच येतं. ते मनात काय घेऊन घरी चालले, हे बघायला मात्र तिथं थोडं जास्त वेळ बसावं लागतं.